जरीपटक्याहून आणलेली मशीन

धान्याचा हर्रास, म्हणजे लिलाव, चालू असताना मारोतराव गिरीपुंज्यांचा आवाज नागपूरच्या कळमना बाजारातल्या शेडच्या या टोकाहून त्या टोकाला सहज पोचायचा. धान्याची अडत करणारे बाजारात पुष्कळ होते, पण मारोतरावांना हमालांपासून शेतकऱ्यांपर्यंत सगळे ओळखायचे ते त्या आवाजावरून. अठ्ठ्याऐंशी सालच्या शिमग्यानंतर, हरभऱ्याच्या ढिगापाशी भाव पुकारता पुकारता तो आवाज मध्येच तुटला आणि मारोतराव गुडघ्यांवर आले. छातीवर कोणी भरलं पोतं टाकलं असं वाटलं, एवढंच त्यांना नंतर आठवायचं. आणखी एक गोष्ट आठवायची. डोळे मिटले होते, पण कान जागे होते आणि भोवतीचे लोक ओरडत होते, "उचला, उचला! पायाकडून धरा!"

दवाखान्यातून ते घरी आले तेव्हा उन्हाळा ऐन भरात होता. लकडगंजातलं घर तसं लहानच. पुढे बैठक, मागे एक खोली, मग स्वयंपाकघर. मुलगा भिलाईला नोकरीत, मुलगी लग्न होऊन यवतमाळला. दोघंही येऊन, राहून, डोळे पुसत परत गेली. घरात उरले मारोतराव आणि त्यांची बायको सत्यवतीबाई.

धंतोलीच्या डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं, "रोज अर्धा तास सपाट रस्त्यावर चालायचं. गोळ्यांइतकंच ते महत्त्वाचं आहे. बसून राहिलात तर माझ्याकडे पुन्हा याल."

पहिल्या दिवशी संध्याकाळी सत्यवतीबाई त्यांच्यासोबत निघाल्या. फाटक ओलांडलं, शेजारची दोन घरं गेली, आणि विजेच्या खांबापाशी मारोतराव थांबले. खांबाला त्यांनी दोन्ही हातांनी धरलं. कपाळावर घाम.

"दुखून राहिलं का जी?" सत्यवतीबाईंनी त्यांचा दंड धरला.

"नाही. घरी चाल."

दुखत नव्हतं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हृदय ठीक चाललं आहे. पण त्या दिवसानंतर मारोतरावांनी फाटकाबाहेर पाय टाकला नाही. कधी कुत्री फार झाली, कधी धुळीचा त्रास, कधी कोणी भेटायला येणार. पावसाळा गेला, दिवाळी गेली. एका संध्याकाळी सत्यवतीबाई चिडून म्हणाल्या, "काहून जी असे करता? डॉक्टर का वैरी आहे आपला?" तेव्हा ते भिंतीकडे पाहत बोलले.

"रस्त्यात पडलो त लोक मले उचलतीन. तसंच. पायाकडून धरून."



सत्यवतीबाईंची स्वतःची झोप तर केव्हाच उडाली होती. दुपारी मारोतरावांचा डोळा लागला की त्या तांदूळ निवडता निवडता उठायच्या आणि त्यांच्या नाकापाशी बोट धरायच्या. एकदा मारोतरावांनी डोळे न उघडताच म्हटलं, "जित्ता आहो मी." त्या ओशाळून परत सुपाशी जाऊन बसल्या, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा उठल्याच.

मशीनची गोष्ट घरात आणली ती चंद्रभाननं. चंद्रभान मारोतरावांचा धाकटा भाऊ. दोन गल्ल्या सोडून राहायचा आणि आता अडत तोच पाहत होता.

"वहिनी, चालायची मशीन येते आता. पट्टा फिरते, माणूस जागच्या जागी चालते. इतवारीत एका शेठच्या घरी मी सोता पाहून आलो. दादाले बाहेर जायचं कामच नाही."

"बैठकीत इतली मोठी वस्तू मावंल का भाऊजी? अन् बाजारातले लोक येतात घरी. ते पाहतीन त तुमच्या दादाले आवडन का?"

"घडीची येते. काम झालं की घडी करून दिवाणामागं उभी करायची. वरून चादर टाकली की कोणाले समजते?"

त्या रात्री सत्यवतीबाईंच्या मनात दोनच गोष्टी आळीपाळीनं येत राहिल्या. मशीन नाही आणली तर हे असेच बसून राहतील. आणली आणि हे त्यावरच पडले तर, ती आपण निवडून आणलेली असेल.

सीताबर्डीच्या खेळाच्या सामानाच्या दुकानात सत्यवतीबाई आणि चंद्रभान गेले. क्रिकेटच्या बॅटी आणि कॅरम बोर्डांच्या मागे मशीन उभी होती, नवी कोरी, घडीची. बिनविजेची. लाकडी रुळांवर पट्टा, पुढचं टोक जरा उचललेलं, धरायला दांडा. दुकानदार म्हणाला, लाइट गेली तरी काही अडत नाही, बिघडायला आत काही नाहीच.

चंद्रभानला ती पाहताक्षणीच आवडली. "बांधून देऊन टाका," तो म्हणाला.

"थांबा भाऊजी. मी चढून पाहते पहिले."

दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळून पाहायला लागली. सत्यवतीबाईंनी चपला काढल्या, पदर खोचला आणि पट्ट्यावर पाय ठेवला. पट्टा हलेना. त्यांनी दांडा धरून पाय रेटला तसा तो एकदम मागे सरकला आणि त्या पुढे झुकल्या. पुन्हा रेटलं, पुन्हा सरकला. टेकडी चढल्यासारखं होत होतं. थोड्या वेळातच त्यांना धाप लागली, पोटऱ्या भरून आल्या. आणि त्या तर धडधाकट होत्या, विहिरीचं पाणी ओढून वाढलेल्या.

त्या खाली उतरल्या. "मलेच दम लागला. तुमच्या दादाचं काय होईन?"

"सवय होते वहिनी."

"डॉक्टरले विचारल्याबिगर नाही."

दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच धंतोलीला गेल्या. डॉक्टर आधी हसले. "अहो, रस्ता फुकट आहे. मशीन कशाला?" मग सत्यवतीबाईंनी विजेच्या खांबाची गोष्ट सांगितली, आणि 'पायाकडून धरून' हे शब्दही सांगितले. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"पट्टा पायानं रेटावा लागत असेल तर नको," ते म्हणाले. "छातीवर ताण येईल. मोटारवाली मिळाली, सपाट आणि हळू चालणारी, तर घ्या. पहिले काही दिवस तुम्ही शेजारी उभ्या राहा."

विजेची मशीन नागपुरात कुठे मिळेना. शेवटी त्याच सीताबर्डीच्या दुकानदारानं पत्ता दिला. जरीपटक्यात एका सिंधी कुटुंबाकडे होती, भाच्यानं सिंगापूरहून आणलेली, घडीची. ते विकायच्या विचारात होते. या वेळी सत्यवतीबाईंनी चंद्रभानला सोबत घेतलं नाही. तो पुन्हा घाई करेल याची त्यांना धास्ती होती.

जरीपटक्याच्या बाजारातून वाट काढत रिक्षा एका पिवळ्या घरापाशी थांबली. दार उघडलं ते त्यांच्याच वयाच्या एका बाईनं. पांढरी साडी, मोकळे हात. कौसल्या नाव तिचं.

"या बाई, अंदर या. मशीनसाठी ना?"

जन्म नागपुरातला नसला तरी सगळी जिंदगी नागपुरात गेली होती, मराठी ती हिंदीच्या वळणावर बोलायची. मशीन मागच्या खोलीत खिडकीजवळ उभी होती. कौसल्यानं खालची कळ पायानं दाबली, दोन्ही हातांनी पट्टा धरून हळूहळू जमिनीवर टेकवला. "एकदम नाही सोडायचं. बोट चेपते." तिनं बटन दाबलं. घर्रर्र असा आवाज करत पट्टा फिरायला लागला.

सत्यवतीबाईंचं लक्ष मात्र तिच्या पांढऱ्या साडीकडे होतं. दांड्यावरचं रबर दोन ठिकाणी गुळगुळीत झालं होतं, जिथे कोणाचे तरी हात रोज टेकत असतील.

"कोण चालत होतं यावर?" त्यांनी विचारलं.

"आमचे साहेब."

"अन् आता..."

"दिवाळीच्या आधी गेले."

पट्टा फिरत राहिला. सत्यवतीबाईंच्या मनात परत जायचं आलं. गेलेल्या माणसाची वस्तू, तोही बहुधा याच दुखण्यानं गेलेला. घरी कशी न्यायची? पण परत जाऊन तरी काय, दिवाणावर बसलेले मारोतराव आणि बंद फाटक. विचारल्याशिवाय उठणं त्यांना जमेना आणि विचारायला जीभ उचलेना. शेवटी खाली मान घालून त्यांनी विचारलंच.

"बाई, राग नका मानू. यावरच गेले का हो?"

कौसल्यानं बटन बंद केलं. ती रागावली नाही. "नाही बाई. पलंगावर गेले. सकाळी चाय घेऊन गेली, तर झोपलेलेच. यावर दोन साल चालले. एक दिन नाही पडले."

मग तिनं खुर्ची ओढली आणि सत्यवतीबाईंना बसवलं. तिच्या नवऱ्यालाही तेच झालं होतं, दुकानात, कापडाच्या ताग्यांमध्ये. तोही दाराबाहेर पडत नव्हता. भाच्यानं मशीन आणली तर महिनाभर त्यानं हात लावला नाही.

"मी रसोईत राहायची," कौसल्या म्हणाली. "हा आवाज येत राहिला की समजायचं, ठीक आहे. चपात्या करत करत ऐकायची. आवाज बंद झाला की हातात लाटणं घेऊनच धावत यायची. ते हसायचे मला. म्हणायचे, पानी पीने उतरा हूँ, मरा नहीं."

सत्यवतीबाईंना नाकापाशी धरलेलं बोट आठवलं. त्यांचे डोळे एकदम भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

"तुम्ही काहून विकून राहिल्या मग?"

"बहू लावते कधी कधी, वजन कमी करायला. आवाज आला की मी अजून उठून पळते, बाई." एवढं बोलून कौसल्या खिडकीबाहेर पाहत बसली.

तरी सत्यवतीबाईंची एक शंका उरलीच होती. चालता चालता लाइट गेली तर? नागपुरात तेव्हा लाइटचा काही भरवसा नव्हता. पट्टा झटक्यानं थांबला तर माणूस तोंडावर पडायचा.

"चढा तुम्ही," कौसल्या म्हणाली. "दांडा धरा."

सत्यवतीबाई चढल्या. पट्टा हळू फिरायला लागला, पायाखालून जमीन कोणी तरी सावकाश ओढत न्यावी तसा. रेटायची गरज नव्हती. कौसल्या बाहेर ओसरीत गेली आणि काही न सांगता तिनं मेन स्विच ओढला. आवाज बसत गेला, पट्टा मंदावला, आणखी दोन पावलं देऊन थांबला. सत्यवतीबाईंनी दांडा इतका घट्ट धरला होता की हाताला रबराचे वळ उठले. पण त्या पडल्या नाहीत.

मशीन छोट्या टेम्पोनं लकडगंजात आली. "कोणाची?" या मारोतरावांच्या पहिल्याच प्रश्नाला सत्यवतीबाईंनी सांगून टाकलं, "एक जण सिंगापूरले चालले गेले. पडून होती." चंद्रभानला मात्र त्यांनी खरं सांगितलं आणि बोलू नका म्हणून बजावलं.

पहिले तीन-चार दिवस मारोतराव मशीनकडे पाहायचेही नाहीत. मग एका सकाळी खिडकीचा पडदा ओढून घेऊन ते चढले. सत्यवतीबाई शेजारी उभ्या, दोन्ही हात अर्धवट पुढे केलेले, लहान मूल पहिलं पाऊल टाकताना धरतात तसे.

"हात खाली कर वं. मले भेव वाटते तुयं पाहून."

ते चालले, थोडंसंच. खाली उतरले तेव्हा घाम होता, पण खांबाजवळचा तो घाम नव्हता. पुढच्या आठवड्यात त्यांनी सत्यवतीबाईंना स्वयंपाकघरात पाठवलं. तिथे त्या भाकरी थापायच्या आणि कान बैठकीत ठेवायच्या. घर्रर्र आवाज चालू असला की हात चालायचे. एकदा लाइट गेली आणि आवाज बसला, तर भाकरी तव्यावर तशीच टाकून त्या पळाल्या. मारोतराव दांडा धरून उभे होते. "लाइन गेली," ते शांतपणे म्हणाले. भाकरी करपली ती गेलीच.

संक्रांतीच्या आधी चंद्रभान तिळाचे लाडू घेऊन आला. भाऊ चालतोय हे पाहून त्याला आनंद मावेना. बोलता बोलता म्हणाला, "वहिनीची पसंत मानली पाहिजे दादा. मी त म्हणत होतो, मेलेल्या माणसाची वस्तू कायले आणली..."

बोलणं अर्ध्यावर थांबलं, पण जे ऐकायचं ते ऐकलं गेलं होतं. मारोतरावांनी बटन बंद केलं आणि खाली उतरले.

चंद्रभान गेल्यावर त्यांनी विचारलं, "खरं आहे का?"

"हो."

"अन् तू मले सिंगापूर सांगतलं."

त्या दिवशी मारोतरावांनी स्वतःच मशीनची घडी केली आणि दिवाणामागे ढकलली. दुसऱ्या दिवशी ती तिथेच. तिसऱ्या दिवशीही. घरात आवाज नव्हता आणि सत्यवतीबाईंना आता त्या शांततेचीच भीती वाटायला लागली. आपण खोटं बोललो नसतो तर हे चढलेच नसते, आणि बोललो म्हणून आता उतरले. दोन्हीकडून दोष आपलाच, असं त्या स्वतःला सांगत राहिल्या. एकदा वाटलं, टेम्पो बोलवावा आणि परत पाठवून द्यावी. पण कौसल्याच्या घरी तरी ती कशी पाठवायची?

चौथ्या दिवशी सकाळी मारोतराव अंघोळ करून, धोतर नेसून, कोट घालून बैठकीत आले. कोट त्यांनी बाजार सुटल्यापासून घातला नव्हता.

"त्या बाईचं घर तुले माहीत आहे ना?"

"हो. काहून?"

"मले बोलायचं आहे तिच्यासंग. रिक्षा बोलाव."

फाटकाबाहेर रिक्षा उभी राहिली. मारोतरावांनी फाटकाची कडी धरली, सोडली, पुन्हा धरली. सत्यवतीबाई मागे उभ्या, मुकाट्यानं. बोलल्या तर ते वळतील, असं त्यांना वाटत होतं. मग ते बाहेर पडले आणि रिक्षात बसले. सगळ्या वाटेनं त्यांनी रिक्षाचा लोखंडी गज सोडला नाही. सत्यवतीबाईंचं रस्त्याकडे लक्षच नव्हतं. त्या त्यांच्या कपाळाकडे पाहत होत्या, घाम येतो का ते.

कौसल्यानं दार उघडलं आणि न सांगताच ओळखलं. तिनं पाणी आणलं. मारोतरावांनी पेला हातात धरला, प्यायले नाहीत.

"बाई, एक विचारतो. त्यायले भेव वाटे का?"

"रोज," कौसल्या म्हणाली.

"दोन वर्षं?"

"दोन वर्षं. चढायच्या आधी इथं, या खुर्चीत बसायचे. कधी दहा मिनिट, कधी जास्त. मला म्हणायचे, आज रहने दे. मी काही नाही बोलायची. मग उठायचे."

"भेव गेलं नाही?"

"नाही गेलं. पण बाजारात जायला लागले होते. मागच्या गर्मीत भाच्याच्या शादीत रात्रभर उभे होते." ती थोडी थांबली. "तुम्हाला कोणी सांगितलं का, की भीती गेल्यावर चालायचं असते?"

मारोतरावांनी पेल्यातल्या पाण्याकडे पाहिलं. मग सगळं पाणी प्यायले. त्यांच्या आत किती दिवसांचं काय साठलं होतं ते सत्यवतीबाईंना तेव्हा कळलं. आपल्याला वाटणारी भीती ही आपली एकट्याची खोड आहे, चांगल्या माणसाला ती नसते, असं धरून ते इतके महिने भिंतीकडे तोंड करून बसले होते. आणि आपणही त्यांना कधी सांगितलं नाही, की आपल्यालाही क्षणोक्षणी तसंच होतं.

निघताना कौसल्या दारापर्यंत आली. सत्यवतीबाईंचा हात धरून म्हणाली, "कधी येत जा."

परतताना बाजारात गर्दी होती, रिक्षा अडकली. समोर हातठेले, मागे टेम्पोचा भोंगा. मारोतराव म्हणाले, "उतरू. त्या चौकापर्यंत चालत जाऊ, तिथं येईन रिक्षावाला."

"इथं? इतल्या लोकांत?"

"तू मले पाह्यशीन ना?"

"मले बी भेवच वाटून राहिलं," सत्यवतीबाई म्हणाल्या. हे त्या पहिल्यांदाच बोलल्या.

"मंग दोघंही भेवू," मारोतराव म्हणाले आणि उतरले.

चौक काही फार दूर नव्हता. संत्र्यांच्या ठेल्यांमधून, सायकलींना वाट देत दोघं चालले. मारोतराव दोनदा थांबले. एकदा एका दुकानाच्या फळीला हात टेकून, एकदा उगाच मफलरांचे भाव विचारत. दोन्ही वेळा सत्यवतीबाई त्यांना खेटून उभ्या राहिल्या. चौकात रिक्षा येऊन उभी होती.

मारोतराव त्या मशीनवर पुढे किती तरी वर्षं चालले. कधी चालले नाहीत, आठवडा आठवडा खुर्चीत बसून राहिले, पुन्हा उठले. उन्हाळ्यानंतर ते कळमन्याला जाऊन अडतीवर बसायला लागले. हर्रास मात्र चंद्रभाननंच करायचा असं ठरलं. सत्यवतीबाईंची धास्ती काही गेली नाही. मात्र त्या आता ती लपवायच्या नाहीत. त्यांना बाजारातून यायला उशीर झाला की फाटकात उभ्या राहायच्या, आणि ते दिसले की सरळ म्हणायच्या, "किती भेवाडलं आज मले." मारोतराव डबा त्यांच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "आज मले बी थोडं वाटलं होतं, गोदामापाशी. चाल, चहा टाक."